कडक की कडिमे

बेंगळूरूत गाडी वळणावर कशी वागते याची चिंता करायची असेल, तर आधी वळणापर्यंत पोचावं लागतं. मी राहतो पीण्या या भागाच्या बाजूला, ऑफिस इंदिरानगरला. या दोहोंच्या मध्ये माझी छोटी गाडी बहुतेक वेळ उभीच असते. शेजारून चालणारी माणसं मला ओलांडून पुढं जातात, टपरीवर थांबून कॉफी घेतात, आणि त्यांचा कप खाली ठेवून होतो तेव्हा कुठं मी त्यांना गाठतो. अशा शहरात, पन्नाशीला टेकलेलं असताना, मला गाडीच्या 'बॅलन्स'चं वेड लागलं. मी त्याला छंद म्हणायचो. बायको दुसरा शब्द वापरायची. तो कन्नड आहे आणि त्याचा अर्थ मला अजून कुणी नीट सांगितलेला नाही.

बायकोचं माहेर इथलंच. तिचे पूर्वज किती पिढ्यांमागे इकडं आले हे घरात कुणालाच सांगता येत नाही. मराठी मात्र त्यांनी सोडली नाही. फक्त वाटेत भेटलेले सगळे कन्नड शब्द तिच्यात बसवून घेतले. मी साताऱ्याकडचा. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "स्वल्प सारू वाढू का?" स्वल्प म्हणजे थोडं आणि सारू म्हणजे आमटीची पातळ बहीण, हे मला कुठलं ठाऊक? मी आपला "जरूर सारा" म्हणालो आणि पाट मागं सरकवला.

सासूबाई आता नाहीत. सासरे आमच्याकडे असतात. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, मीही म्हणतो. ते मला 'अळियंद्रू' म्हणतात. हे जावयाचं कन्नड आदरार्थी रूप. त्या हाकेत मी एकटा असूनही तीन-चार जावई उभे असल्यासारखं वाटतं, आणि त्यातला एकही कामाचा नाही हे त्यांच्या सुरावरून कळतं.

अण्णांच्या कंबरेचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, धक्के टाळा. बेंगळूरूच्या रस्त्यांवर याचा अर्थ, घरी बसा. ते बसले. पण त्यांची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत, मुलाच्या फ्लॅटवर असते. ती न्हाणीघरात घसरून पडली आणि वॉकर धरून चालायला लागली. म्हणजे भाऊ एका टोकाला अडकलेला, बहीण दुसऱ्या. दोघांचं मिळून वय काढलं तर आमच्या गल्लीतला पिंपळ लहान ठरेल. रोज सकाळी फोन व्हायचा.

"कधी येतोस रे?"

"येतो की."

"व्हिडिओ नको लावूस. नुसतं तुझं नाक दिसतं. ते पाहिलंय मी."

मेट्रो होती, पण ती मध्ये बदलायची, आणि उतरल्यावर पुढं रिक्षा. रिक्षा आणि कंबर यांचं नातं मी सांगायला नको. राहता राहिली माझी गाडी. आणि तिचे शॉकअप तर गेलेले.

शॉकअप म्हणजे चाकापाशी स्प्रिंगच्या सोबतीला असलेलं ते नळकांडं. स्प्रिंग दबते आणि उसळते. तिला नाचत बसू न देण्याचं काम शॉकअपचं. माझे चारही गळत होते. सरळमार्गी माणसानं कंपनीचे साधे शॉकअप बसवले असते. मी व्हिडिओ बघून बिघडलेला माणूस. मी फिरवून कडक-मऊ करता येणारे मागवले. प्रत्येकाला एक छोटा नॉब, फिरवला की टकटक क्लिक वाजणार. घरी जाहीर केलं, "अण्णांच्या कंबरेसाठी." अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं की, मी जावई म्हणून पहिल्यांदाच पास झालोय असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला वळणावर मजा हवी होती. गाडी वळणावर तोंड फिरवायला आळस करायची, आणि ते माझ्या मनाला लागायचं.

हे प्रकरण काय असतं ते मी एकदा जेवताना बायकोला समजावलं होतं. आम्ही घर बदललं तेव्हा लोखंडी कपाट चौघांनी धरून जिन्यावरून उतरवलं होतं. म्हटलं, "आठव. कपाट एका बाजूला कललं की ज्यानं हात ताठ धरलेत त्याच्यावर जास्त भार येतो, आणि आधी त्याचाच पाय सुटतो. गाडीचं तसंच. वळणात ती बाहेरच्या बाजूला कलते. पुढचं टोक कडक असेल तर भार पुढच्या चाकांवर जास्त, मग ती आधी घसरतात. तुम्ही स्टिअरिंग फिरवा, गाडी आपली सरळच निघते. मागचं कडक असेल तर मागची चाकं आधी सुटतात आणि शेपूट बाहेर येतं. दोन्ही टोकांचं जमवायचं, त्याला बॅलन्स म्हणतात."

"त्या कपाटाच्या वेळी कुणाचा पाय सुटला होता?" अण्णांनी विचारलं.

"तुमचा," बायको मला म्हणाली. अण्णांसमोर ती मला 'तुम्ही' म्हणते, ते नसले की 'तू'. "आणि कपाटाला पोचा पडला तो अजून आहे."

अडचण अशी की अण्णा मागच्या सीटवर बसणार. त्यांना मागचे शॉकअप मऊ हवेत. मला मागचे कडक हवेत, म्हणजे गाडीचं नाक वळणात चटकन आत येतं. एका गाडीला दोन मालक झाले. मग मी, आता सांगायला हरकत नाही, दुहेरी राज्य चालवलं. अण्णांना दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा मागचे नॉब मऊकडे. रविवारी सकाळी एकटाच 'पेट्रोल भरून येतो' म्हणून निघालो की मागचे नॉब कडककडे, आणि शहराबाहेरच्या टोल रस्त्याला जिथं गोल फिरून उतरायचे रॅम्प आहेत तिथं चार फेऱ्या. परत आल्यावर पुन्हा मऊ. बायको एकदा म्हणाली, "पेट्रोल भरायला गेलात आणि काटा खाली आला?" मी काट्याला दोष दिला.

आणि मग अक्कानं सकाळच्या फोनवर वेगळंच सांगितलं. "मला आता रोज नाही रे बोलवत. तू आलास तर ये, नाहीतर राहू दे." एवढंच. अण्णा फोन ठेवून बराच वेळ खिडकीशी बसले. मग मला म्हणाले, "अळियंद्रू, गाडी सरी आहे ना? रविवारी जाऊया."

सरी म्हणजे ठीक, बरोबर. मी म्हणालो, "एकदम सरी, अण्णा." आणि खाली जाऊन मागचा नॉब मऊकडे फिरवायला हात घातला, तर तो हलेना. आधीच्या रविवारी पाऊस होता; चिखल आत जाऊन वाळला होता, आणि मागचे दोन्ही नॉब कडकच्या बाजूला अडकून बसले होते.

शनिवारी मी पीण्यातल्या नेहमीच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथला मेकॅनिक गोड माणूस. काहीही सांगा, तो "सरी सर" म्हणतो. त्याला मराठी येत नाही, माझं कन्नड भाजी बाजारापुरतं, पण त्याचा मला अभिमान फार. नेमका त्याच वेळी ऑफिसचा फोन. माझ्या टीमनं काहीतरी बंद पाडलं होतं आणि अमेरिकेतला साहेब जागा होता. एका कानाला साहेब, दुसऱ्या कानापाशी हवा भरायचा कंप्रेसर. मी मेकॅनिकला मागची चाकं दाखवली आणि म्हणालो, "हिंदे स्वल्प अडजस्ट माडि." मागं थोडं अडजस्ट करा. हे वाक्य बेंगळूरूत दगडालाही कळतं. फक्त त्याचा खरा अर्थ 'थोडं चालवून घ्या' असा आहे. बसमध्ये सरकून घ्या, हॉटेलात वाट बघा, संसारात गप्प बसा. तो बिचारा हसला. मी कशाबद्दल चालवून घ्यायला सांगतोय ते त्याला कळेना. मग मी हातानं नॉब फिरवल्याची खूण केली.

"ओऽ! कडिमे माड्ला?" त्यानं गाडीखालून ओरडून विचारलं.

कडिमे म्हणजे कमी. कमी करू का, असं तो विचारत होता. हा शब्द मी दर आठवड्याला टोमॅटो घेताना वापरतो. पण कंप्रेसरच्या आवाजात त्या दिवशी माझ्या मराठी कानानं तो शब्द 'कडक' असा ऐकला. कडक करू का? मी फोनवर हात ठेवून जिवाच्या आकांतानं ओरडलो, "बेड, बेड! बेडवे बेड!" नको, नको, अजिबात नको!

"सरी सर," तो म्हणाला, आणि पक्कड लावून दोन्ही नॉब उरलेसुरले सगळे क्लिक वाजेपर्यंत कडक केले.

परत येताना रस्त्यात गर्दी, गाडी रांगत होती. मला ती मऊ वाटली. खरंच वाटली. एका हंपवरून, म्हणजे स्पीडब्रेकरवरून, गेलो तेव्हा मी स्वतःशी म्हणालो, व्वा, लोण्यासारखी. माणसानं एकदा ठरवलं की त्याचं बूडसुद्धा त्याच्याशी खोटं बोलतं.

रविवारी अण्णा मागं बसले. कंबरेला उशी, मांडीवर स्टीलचा डबा. डब्यात त्यांनी स्वतः केलेला सारू होता, अक्काला आवडतो तसा, मिरे जास्त घातलेला. "माझ्याकडं द्या अण्णा, पुढं ठेवते," बायको म्हणाली. "बेड. माझ्याकडं असू दे." आम्ही टोल रस्त्यानं निघालो. रस्ता मोकळा. पण जरा कुठं सांधा आला की मागून "अम्मा" असा आवाज यायचा.

"अळियंद्रू, हे मऊ केलंय?"

"केलंय अण्णा. नवीन आहे ना, बसायला वेळ लागतो."

"कोण बसायला? मी तर बसलोय."

इलेक्ट्रॉनिक सिटीकडं उतरायचा तो गोल रॅम्प आला. रविवारच्या सवयीनं माझा पाय जरा जास्तच मोकळा होता. रॅम्पच्या मध्यावर काँक्रीटचा सांधा होता, चांगला उचललेला. मागचं चाक त्यावर आदळलं, अण्णा कळवळले, आणि मला त्यांची दया आली. दया आली म्हणून मी ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन काढला.

वळणात पाय झटकन काढला की गाडीचा भार पुढं येतो, मागचं टोक हलकं होतं. त्यात मागचे शॉकअप लाकडासारखे. सांध्यावर उडालेली चाकं रस्त्याला परत चिकटलीच नाहीत. जिन्यावरच्या कपाटाचा खालचा माणूस घसरावा तसं शेपूट बाहेर गेलं. मला व्हिडिओतलं सगळं आठवत होतं: स्टिअरिंग उलट फिरवा, घाबरू नका, जिथं जायचंय तिथं बघा. मी जिथं जायचं नव्हतं तिथं बघितलं आणि ब्रेक दाबला. जग एकदा सावकाश आमच्याभोवती फिरलं. कठडा आला, गेला, आकाश, पुन्हा कठडा, आणि आम्ही कडेला उभे होतो, आलो त्या दिशेला तोंड करून. समोरून येणारा लॉरीवाला लांबच थांबला होता. त्यानं हॉर्नसुद्धा वाजवला नाही, इतका तो गार पडला होता.

कुणाला काही झालं नव्हतं. गाडीत मिऱ्यांचा वास दरवळत होता. सारू सगळा अण्णांच्या धोतरावर.

मग बायको म्हणाली, "तू उतर."

अण्णांसमोर 'तू'. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा. मी उतरलो. तिनं अण्णांना उतरवून हळूच पुढच्या सीटवर आणलं, मला मागं बसायला लावलं, आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. लॉरीवाल्यानं खाली उतरून मागची वाहनं थांबवली आणि आम्ही गाडी फिरवून घेतली.

मी माझ्या गाडीत मागं कधीच बसलो नव्हतो. उरलेला रस्ता तिनं गाडी सायकलच्या वेगानं नेली, तरी प्रत्येक खड्डा माझ्या माकडहाडातून डोक्यात निघत होता. मध्येच माझ्या तोंडून गेलं, "मागं फार आदळतंय गं."

तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "स्वल्प अडजस्ट करा."

अक्का वॉकर धरून दारातच उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं आधी भावाचं धोतर बघितलं, मग नाक वर करून वास घेतला.

"मिरे जास्त झालेत."

"तुला आवडतात म्हणून घातले."

"मग मला द्यायचे की. अंगावर काय घेतलेस?"

"अळियंद्रूंनी गाडी गोल फिरवून दाखवली," अण्णा म्हणाले. आणि दोघं हसायला लागले. अक्का हसता हसता वॉकरवर वाकली, अण्णांनी कंबर धरली, आणि दोन्ही बाजूंनी त्यांना सावरायला आम्ही धावलो. मी तिथं उभा राहून वाट बघत होतो की आता कुणीतरी मला शिव्या देईल. कुणी दिल्या नाहीत. ते फार वाईट असतं.

संध्याकाळी मी खाली जाऊन गाडीच्या मागच्या चाकापाशी वाकून नॉब फिरवून पाहिला. पकडीनं सैल केल्यामुळे आता तो अलगद फिरत होता, आणि कडककडे आणखी एक क्लिकही शिल्लक नव्हता. तेव्हा तो 'कडिमे' माझ्या डोक्यात पहिल्यांदा नीट ऐकू आला. मी सगळे क्लिक मऊकडे फिरवले, वर गेलो आणि सांगितलं, "अण्णा, आता खरंच सरी केलंय. चला."

अण्णा अक्काच्या नातवाचा पायजमा घालून टीव्हीसमोर बसले होते. "बेड," ते म्हणाले. "त्या गाडीत मी बसत नाही."

"अण्णा, मी चालवते," बायको म्हणाली.

"तू चालव ग. पण गाडी तीच ना? आधी पूर्ण सरी करू दे त्यांना. तोवर मी हितं राहतो." अक्कानं नातवाला हाक मारून दुसरी गादी काढायला सांगितली. तिनं एका शब्दानं विचारलं नाही की किती दिवस.

आम्ही दोघंच परतलो. त्या रात्री बायकोनं ताटं घेताना चुकून तिसरं घेतलं आणि परत ठेवलं. मला म्हणाली, "माझे अण्णा मला आणून दे." पुन्हा 'तू', पण हा वेगळा होता.

मग मी कामाला लागलो. मागचं पूर्ण मऊ झाल्यावर पुढचं त्या मानानं फार कडक ठरलं. रॅम्पवर नाक सरळ कठड्याकडं निघायला लागलं. पुढचं मऊ केलं, तर हंपवरून गेल्यावर गाडी गावापर्यंत डुलत राहायची. मध्ये कुठंतरी जागा असणार, ती मला सापडेना. एक टोक सुधारलं की दुसरं बिघडे. अण्णा रोज सकाळी फोनवर अहवाल घ्यायचे. मागून अक्काचा आवाज, पत्ते पिसल्याचा आवाज.

"काय अळियंद्रू, किती आलं?"

"जवळ आलोय अण्णा. आता फक्त ब्रेक मारल्यावर जरा डोकं खाली घालते."

"अय्यो. मग माझ्या कंबरेला कसं चालेल? नीट बघा, घाई नको." आणि बाजूला वळून, "अक्का, तुझी पाळी."

शेवटी मी हात टेकले. म्हटलं, "अण्णा, हे सगळं काढून कंपनीचे साधे बसवतो. उद्याच."

"साधे? साधेच तर बिघडले होते ना? म्हणून हे आणले." ते अगदी काळजीनं म्हणाले. "नको, नको. फिरवत राहा. सापडेल."

आता दर रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडं जातो. जेवतो, संध्याकाळी निघतो. जाताना अण्णा खाली येतात, गाडीच्या डिकीवर दोन्ही हात ठेवून ती दाबून बघतात, ती खाली-वर होते, आणि ते मान हलवतात. बायको त्यांच्या तोंडाकडं बघत असते. या वेळी तिनं विचारलंच, "अण्णा, यायचंय की नाही तुम्हाला?"

"यायचंय की ग. गाडी सरी होऊ दे."

परतताना त्या रॅम्पवर मी इतका हळू जातो की मागची सगळी वाहनं हॉर्न मारतात. घरी पोचल्याचा फोन करायचा असतो. काल तो बायकोनं लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"वळणावर कशी गेली?" अण्णांनी विचारलं.

"चांगली गेली, अण्णा," मी म्हणालो. "हललीसुद्धा नाही."

"इतकं हळू? मग हॉर्न वाजले असतील मागं?"

मी बायकोकडं बघितलं. तिनं फोनकडं बघितलं.

"थोडे वाजले," मी म्हणालो.

"हां. मग अजून स्वल्प राहिलंय," अण्णा म्हणाले. "पुढच्या रविवारी बघूया. ठेवतो आता, अक्का वाढतीये."